तळ्यातली मालमत्ता

सरकारी अनुदानांचं काम कावेरीबाई रावांनी छत्तीस वर्षं केलं. त्या कामाविषयी कुणी विचारलं तर त्या सांगत, अनुदान म्हणजे सरकार पैसे देतं आणि वर्षाअखेरीला विचारतं, काय केलंत. सहकार्य करार म्हणजे सरकार पैसे देतं आणि शेजारी येऊन बसतं. पहिल्यात कागद जास्त, दुसऱ्यात चहा जास्त. विचारणारा सहसा इथंच विषय बदलायचा.

निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. तरी त्यांच्या जुन्या संशोधन संस्थेतून फोन आला की त्या आधी हात धुवायच्या, चष्मा लावायच्या आणि मगच फोन घ्यायच्या. एप्रिलमधल्या त्या मंगळवारीही तसंच झालं. कैरीच्या फोडींना मीठ लावता लावता त्या उठल्या आणि हात धुऊन आल्या, तोवर फोन बंद होऊन पुन्हा वाजू लागला होता.

फोन हर्षिताचा होता. कावेरीबाईंची खुर्ची आता तिच्याकडे होती. मुलगी पुण्याची, राहायची बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला. रोज दीड तास प्रवास करून मल्लेश्वरमला यायची आणि त्याबद्दल तक्रार करायची नाही, म्हणून कावेरीबाईंना ती आवडायची.

"मॅडम, बिझी आहात का? एक छोटा इश्यू आहे."

"छोटा असता तर तू मला फोन केला नसतास."

हर्षिताने नाकारलं नाही. सरकारचं नवं पोर्टल आलं होतं, आणि त्यावर सगळे जुने करार एकेक करून बंद करायचे होते. सत्त्याण्णव सालचा एक सहकार्य करार उघडाच दिसत होता. हेब्बाळच्या तळ्यावरचे पक्षी मोजणं आणि पाणी तपासणं असा तो करार होता. आता त्याच तळ्यासाठी, त्याच सरकारी खात्याबरोबर नवा करार व्हायचा होता. हर्षिताने स्वतः पहिल्यापासून उभा केलेला तो पहिलाच. जुना मिटल्याशिवाय पोर्टल नव्याला दार उघडत नव्हतं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"काय अडलंय?"

"पाच वस्तू घेतल्या होत्या. चारांचा हिशोब लागला. दुर्बीण तर अजून चांगली आहे. एक बोट राहिलीय. रजिस्टरमध्ये जागा लिहिलीय हेब्बाळ तळं, पूर्वेचा काठ. आणि स्थितीच्या रकान्यात दरवर्षी 'अ‍ॅज बिफोर'. मी पण सहा वर्षं तेच लिहिलं." हर्षिता जरा थांबली. "मॅडम, ती बोट बघायला नक्की कुठं जायचं?"

कावेरीबाईंनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीकडे पाहिलं. "येते मी," त्या म्हणाल्या.

घरापासून संस्था बारा मिनिटांच्या वाटेवर. रस्त्यावर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, फुलांचा सडा पडला होता, आणि झाडूवाली तो गोळा करत होती. तिच्या मागे पुन्हा तेवढाच सडा पडत होता. अनुदान विभागाच्या खोलीत पूर्वी तीन टाइपरायटर, एक पंखा आणि दर तासाला चहा घेऊन येणाऱ्या जमनाबाई असत. आता काचेची भिंत होती, चहाचं यंत्र होतं. पंखा तेवढा राहिला होता.

हर्षिताने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. बोटीच्या नावापुढे पाच पर्याय होते: वापरात, नादुरुस्त, मोडीत विकली, हरवली, खात्याच्या ताब्यात दिली.

"'हरवली' करू या का?"

"हरवलेली नाही. कुठं आहे ते मला माहीत आहे."

"मग 'नादुरुस्त'?"

"ते मला सांगता येणार नाही. सव्वीस वर्षांत कुणी वापरून पाहिलेली नाही."

हर्षिताने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मॅडम, बोट आहे कुठं?"

"लिहिलंय तिथंच. तळ्यात. तळाशी."

मग कावेरीबाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि पहिल्यांदाच ती गोष्ट पूर्ण सांगितली.

करारात एक कलम होतं. सर्व मोजणी दोन्ही पक्षांनी संयुक्तपणे करावी आणि इतिवृत्त जागेवरच लिहावं. आज कुणी ते वाचलं तर म्हणेल, दोघांनी मिळून काम करावं एवढाच अर्थ. पण संस्थेचे शास्त्रज्ञ रघुनंदन सर शब्दाला फार मानणारे होते आणि खात्याचे साहेब त्यांच्याहून जास्त. संयुक्तपणे म्हणजे एकत्र, आणि मोजणी पाण्यावर, तेव्हा सगळे एका बोटीत. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी रघुनंदन सर बसले, साहेब बसले, साहेबांची छत्री धरणारा शिपाई बसला. वल्ही मारायला संस्थेचा ज्योतिबा होता. इतिवृत्त लिहायला कावेरीबाई बसल्या, मांडीवर फाइल घेऊन. काठापासून पंधरा-वीस हातांवर बोट एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला कलली, आणि खाली गेली.

"कुणाला काही झालं?"

"पाणी चार फूट होतं. सगळे चालत बाहेर आलो. साहेबांची एक चप्पल गेली. त्या दिवसाच्या इतिवृत्तात पाण्याची खोली चार फूट अशी नोंद आहे. ती अगदी बरोबर आहे."

काठावर उभं राहून सगळे निथळत असताना साहेब म्हणाले, हे घडलेलं नाही. रघुनंदन सर म्हणाले, उन्हाळ्यात काढू. उन्हाळा आला. बोट काढायला क्रेन हवी होती. क्रेनला मंजुरी लागते, मंजुरीला कारण लागतं, आणि कारण लिहिलं की पुढचा रकाना येतो: जबाबदार व्यक्ती. वल्ही कुणाच्या हातात होती, असं कुणीही विचारलं असतं. ज्योतिबा तेव्हा रोजंदारीवर होता. आठ वर्षं वाट पाहून एक एप्रिलला तो कायम व्हायचा होता, आणि ज्याच्या नावावर चौकशी असेल त्याचं नाव त्या यादीतून निघणार होतं.

"मार्चमध्ये पडताळणीचा रकाना समोर आला," कावेरीबाई म्हणाल्या. "मी 'अ‍ॅज बिफोर' लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा. एकवीस वर्षं लिहिलं. त्यातलं वीस वेळा खरं होतं."

हर्षिताने मनात हिशोब केला आणि खोटं होतं ते पहिल्या वर्षाचं, हे तिला कळलं.

"ज्योतिबा गेल्या वर्षी निवृत्त झाला. त्याची पेन्शनची फाइल अजून फिरतेय. तुझ्या या यंत्रात जबाबदार व्यक्तीचा रकाना आहे का?"

हर्षिताने 'नादुरुस्त'वर टिचकी मारली. रकाना उघडला. 'हरवली'वर मारली. तोच रकाना, शिवाय पोलीस तक्रारीचा क्रमांक.

"माझं नाव घाल."

"मॅडम, असं कसं?"

"कावेरी बिंदुमाधव राव. कर्मचारी क्रमांक चारशे बारा."

हर्षिताने क्रमांक टाकला, कारण त्या खुर्चीसमोर उभ्या राहिलेल्या कावेरीबाईंना नाही म्हणायची तिला सवय नव्हती. पोर्टलने थोडा विचार केला आणि लाल अक्षरांत कळवलं की या क्रमांकाची व्यक्ती अस्तित्वात नाही.

कावेरीबाईंनी ते दोनदा वाचलं. "बरं," त्या म्हणाल्या.

पाचव्या पर्यायात तो रकाना नव्हता. खात्याच्या ताब्यात दिली, असं लिहायचं, आणि खात्याच्या अधिकाऱ्याने वस्तू डोळ्यांनी पाहिली, तिच्यावरचा क्रमांक वाचला, असं सही करून द्यायचं. पण ताब्यात देणार काय, आणि चार फूट पाण्याखालचा क्रमांक वाचणार कोण? कावेरीबाईंनी तो पर्याय पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

बुधवारी त्या रिक्षाने हेब्बाळला गेल्या. रिक्षावाल्याने वाटेत दोनदा भाडं वाढवलं आणि दोन्ही वेळा त्यांनी फक्त "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हटलं, त्यामुळे तो जरा घाबरून गप्प बसला. ज्योतिबाच्या नावाला धक्का लागण्याआधी त्याला सांगणं भाग होतं. दुसरीही एक गोष्ट सांगायची होती. ती त्यांनी हर्षितालाही सांगितलेली नव्हती.

ज्योतिबाचं घर तळ्याच्या मागच्या गल्लीत होतं, एका टेकपार्कच्या कुंपणाला चिकटून. माणूस मूळचा निपाणीकडचा. चाळीस वर्षं बेंगळुरूत राहूनही त्याचं मराठी तिकडचंच राहिलं होतं. त्याच्या बायकोने, चंपाने, ताकाचे पेले आणून ठेवले, आणि बोट हा शब्द ऐकताच ती आत निघून गेली.

"सरकार विचारतंय व्हय," ज्योतिबा म्हणाला. "विचारू दे की. किती वर्सं झाली."

"ज्योतिबा, ऐक. बोट चार माणसांची होती."

"ठाऊक हाय."

"तुला ठाऊक होतं?"

"आतल्या अंगाला लिहिलं होतं की. फळीच्या खाली."

कावेरीबाईंनी पेला खाली ठेवला. "कोटेशनवरही होतं. ते कोटेशन मीच फाइलला लावलं होतं. ते इंग्रजीत होतं, आणि वाचलेली मी एकटीच. तू तेव्हा मला म्हणालास, अक्का, स्वल्प जास्त होतंय. मी काय म्हणाले?"

"सरी सरी, बसा म्हणालात."

"म्हणजे बोट मी बुडवली. आणि सव्वीस वर्षं मी असं दाखवलं, की मी तुला वाचवतेय."

ज्योतिबाने ताकाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "वल्हं माझ्या हातात हुतं अक्का. न्हाई जमत म्हणून खाली ठिवलं असतं तर? साहेबापुढं तोंड उघडलं न्हाई मी. तुमच्याम्होरं उघडलं, कारण तुम्ही रागवत न्हाई." त्याने पेला संपवला. "ऱ्हाऊ दे ते. नंबर वाचायचा हाय न्हवं?"

"कसा वाचणार? पाण्याखाली आहे."

"आता न्हाई. एप्रिलात पाणी उतरतंय. त्या कोपऱ्यात खडक हायेत. गाळ काढायची मशिनं कधी तिथवर गेली न्हाईत. नाळ, बोटीचं म्होरलं टोक, वर येतीया, दीड-दोन फूट. नंबर नाळेवरच हाय."

"सव्वीस वर्षांत तो रंग राहिला असेल?"

ज्योतिबा उठला. कपाटामागून त्याने पांढऱ्या रंगाचा एक लहान डबा काढला आणि फडक्यात गुंडाळलेला ब्रश. डब्याच्या बाहेरून रंगाचे ओघळ एकावर एक सुकले होते, जाड, वर्षावर्षाचे.

"तुम्हीच सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मालमत्तेवरचा नंबर कायम वाचता आला पायजे. प्रत्येक उन्हाळ्यात जाऊन रंगवतो. ह्या वर्सीचा राहिलाय अजून, पण मागचा दिसतोय."

हे त्यांनी केव्हा सांगितलं होतं ते कावेरीबाईंना आठवेना. बहुधा कधीतरी सगळ्या शिपायांना ओळीने उभं करून सांगितलं असेल, खुर्च्या आणि कपाटांबद्दल. त्या काळात त्यांनी बऱ्याच गोष्टी बऱ्याच जणांना सांगितल्या होत्या.

आतून चंपाचा आवाज आला. "विचारा त्यांना, रंगाचं बिल कुणाकडं द्यायचं ते."

"गप बस गं," ज्योतिबा म्हणाला.

शुक्रवारी तीन वाजता संयुक्त पडताळणी ठरली. खात्याकडून तलाव विभागाचे अधिकारी मंजुनाथ आले. वय पन्नाशीचं, केस काळे केलेले, हातात फाइल, पायात चकचकीत बूट. हर्षिताने दुर्बीण आणली होती, त्याच करारातली, वस्तू क्रमांक चार. ज्योतिबा डबा घेऊन आला होता. ऊन लखलखीत होतं. कावेरीबाईंनी छत्री आणली नव्हती.

पूर्वेच्या काठाशी लव्हाळ्यात उभं राहून हर्षिताने दुर्बीण लावली. खडकांमध्ये पाण्यातून एक निळसर टोक वर आलेलं होतं, आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता.

"जे, सी, ए," तिने वाचलं. "सत्त्याण्णव. मग शून्य आणि पुढे... पक्षी हलला तर बरं."

सगळे पक्षी हलण्याची वाट पाहू लागले. चार मिनिटं गेली. ज्योतिबाने एक खडा उचलला.

"नको," कावेरीबाई म्हणाल्या. "पक्ष्यांचाच करार आहे."

पाणकावळा आपल्या मर्जीने उडाला. "शून्य तीन," हर्षिता म्हणाली आणि दुर्बीण मंजुनाथांकडे दिली.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं, नंबर वाचायला लागतो त्याहून जास्त. मग दुर्बीण न काढताच कानडीत विचारलं, "ही इथं कशी आली, ते मी लिहायचं आहे का?"

"पर्याय पाच निवडला तर नाही," हर्षिता म्हणाली. तिची कानडी कामापुरती होती, पण हे वाक्य तिने रिक्षात बसून पाठ केलं होतं. "पण ताबा घ्यायला वस्तू खात्याच्या जागेत न्यावी लागते. ती आम्ही कशी आणणार, तेच कळत नाही."

"हे तळं कुणाचं आहे?" मंजुनाथांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या पाठीमागच्या पाटीवर खात्याचं नाव हातभर अक्षरांत होतं.

"मग ती आमच्याच जागेत आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

हर्षिताने कावेरीबाईंकडे पाहिलं. छत्तीस वर्षं हेच काम करून ही गोष्ट आपल्या लक्षात आली नाही, याचं कावेरीबाईंना वाईट वाटलं. कामाचं वाईट वाटावं तसं, जीव जाळणारं नव्हे.

"लिहू का?" मंजुनाथांनी विचारलं.

"थांबा," कावेरीबाई म्हणाल्या. "तुम्ही सही करण्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं. बोट चारांची होती. आम्ही पाच बसलो. मला ठाऊक होतं आणि मी..."

"मेडम, मी उभा राहिलो होतो."

"काय?"

"सगळे बसलेले होते. चालली होती बोट, सावकाश. साहेबांना ऊन लागत होतं, म्हणून मी छत्री धरून उभा राहिलो." मंजुनाथांनी दुर्बीण पिशवीत नीट ठेवली. "माझा नोकरीतला पहिला महिना होता. पुढे परीक्षा दिल्या, वर चढलो. प्रत्येक परीक्षेच्या वेळी वाटायचं, आज कुणीतरी विचारणार."

कावेरीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. काळ्या केसांखाली, चष्म्यामागे, तो हडकुळा शिपाई कुठं दिसतो का ते पाहिलं. कान तसेच होते.

"छत्री मिळाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही मेडम. खात्याची होती. सहा महिने पगारातून कापली."

ज्योतिबाला कानडी चांगली येत होती. तो जमिनीकडे पाहत हसत होता, आणि ते कुणाला दिसू नये अशी त्याची खटपट चालली होती.

चार वाजून वीस मिनिटांनी, हर्षिताच्या लॅपटॉपसमोर दगडावर बसून, मंजुनाथांनी लिहिलं: वस्तू प्रत्यक्ष पाहिली, क्रमांक वाचला, ताबा घेतला. पोर्टलने विचार केला. मग जुन्या कराराच्या नावापुढे हिरवी खूण आली आणि त्याच्याखाली नव्या कराराचं पान उघडलं. हर्षिताने बाटलीतलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"रजिस्टर आणलंयस का?" कावेरीबाईंनी विचारलं. "जुनं."

आणलं होतं. कावेरीबाईंनी मार्च नव्व्याण्णवचं पान काढलं. आपलंच अक्षर, तेव्हाचं, सरळ आणि टोकदार. 'अ‍ॅज बिफोर'वर त्यांनी एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला लिहिलं: डिसेंबरात बुडाली. चारांची होती, पाच बसलो. क्षमता मला माहीत होती. त्याखाली सही केली आणि आजची तारीख घातली.

"मॅडम, मिटलेल्या रजिस्टरमध्ये असं लिहिता येतं?"

"लिहिता येत नाही. दुरुस्ती करता येते. पुढच्या वीस वर्षांना हात लावू नकोस, ती बरोबर आहेत."

मंजुनाथ तोवर फाइलमध्ये काही शोधत होते. वस्तू आता खात्याची झाली, म्हणजे तिच्यावर खात्याचा क्रमांक हवा, असं ते म्हणाले. नियम आहे. पाच वर्षांनी त्यांचीही पडताळणी होते. क्रमांक सात आकडी आहे, रंगवायला माणूस पाठवावा लागेल, निविदा काढावी लागेल.

ज्योतिबाने पायातल्या चपला काढल्या आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"आकडे सांगा," तो म्हणाला.

"आत्ता?"

"पाणी आत्ताच उतरलंय साहेब. मेमध्ये वळीव आला की पुन्हा भरतंय."

मंजुनाथांनी सात आकडे एका कागदावर लिहून दिले. ज्योतिबाने कागद टोपीत खोचला, डबा एका हातात, ब्रश दातांत. कावेरीबाई नकळत एक पाऊल पुढे झाल्या. हर्षिताही झाली, डबा धरायला. मंजुनाथांनी बुटाच्या नाडीला हात घातला.

ज्योतिबाने मागे वळून तिघांकडे पाहिलं आणि तोंडातला ब्रश काढला.

"मी एकलाच जातो," तो म्हणाला. "तुम्ही तिघं हितंच थांबा."

तिघंही थांबली.